रात्री दीडची सदाशिव पेठ
पेठेतल्या आमच्या वाड्यात गिटारवर भावगीताचं कव्हर रेकॉर्ड करायचं म्हणजे रात्री दीडची वाट बघायची. टिळक रोड तेव्हा कुठे गप्प होतो. मातीच्या जाड भिंती, कोपऱ्यात रचलेल्या गाद्या. आवाज घुमतच नाही. सॉलिड! बाथरूममधला घुमारा भारी वाटतो खरा, पण मिक्सिंगमध्ये तो निघता निघत नाही. माइक साउंडहोलसमोर नको, बाराव्या फ्रेटकडे, वीतभर लांब. पंखा बंद (घाम फ्री!). मग व्होकलमधलं ८० हर्ट्झखालचं कापा, गिटार जरा मागे ठेवा, मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून बघा. दिवाळीनंतर वाडा पाडणार. नव्या फ्लॅटमध्ये सगळीकडे टाइल्स आणि काच. म्हणून सध्या रोज रात्री एक टेक. कालच्यात पाल चुकचुकलीये. तशीच ठेवलीये.