तालीम, वस्ताद आणि एक वही

उर्दूच्या तासाला 'तालीम' या शब्दाचा अर्थ विचारला की मुलं सांगतात, शिक्षण. मराठीच्या तासाला तोच शब्द आला की उत्तर येतं, पैलवान जोर-बैठका मारतात ती जागा. दोन्ही उत्तरं बरोबर. शब्द अरबीतून आलेला. 'इल्म' आणि 'मुअल्लिम' ही त्याचीच भावंडं. 'उस्ताद'चा मराठीत 'वस्ताद' झाला आणि तोही तालमीत राहायला गेला. लाल मातीत पोरांकडून घाम गाळून घेणाऱ्या माणसाला मराठीने शिक्षकच मानलं, हे या दोन शब्दांवरून कळतं. आज त्या कामाला 'पर्सनल ट्रेनर' म्हणतात. नाव बदललं, पगार बदलला, आरसे आले. काम मात्र शिकवण्याचंच राहिलं, असं माझं मत आहे.

हे मत बनायला कारण झाला माझा एक जुना विद्यार्थी. तो काठीचा. अक्कलकुवा तालुक्यातलं, सातपुड्यातलं हे गाव बाहेरच्यांना राजवाडी होळीमुळे माहीत असतं. आमच्याकडच्या बहुतेक मुलांसारखं त्यालाही पोलीस व्हायचं होतं. शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत आलं की 20 पैकी 20. डोंगर चढून-उतरून वाढलेल्या पोराला ते अवघड नव्हतं. पण पुढे 100 गुणांची लेखी परीक्षा, तीही मराठीतून. आणि याच्या घरात भिली बोलतात. दोनदा यादी त्याच्या नावाच्या जरा आधी संपली.

मग तो सुरतेला गेला आणि एका जिममध्ये 'फ्लोअर ट्रेनर' म्हणून लागला. वजनं जागेवर ठेवायची, मशीन पुसायच्या, नव्या माणसाला ट्रेडमिल चालू करून द्यायची. पगार बेताचा. खरा पैसा 'पर्सनल'मध्ये. एका माणसाला तासभर वेगळं शिकवायचं आणि त्याची फी जिम आणि ट्रेनर वाटून घेणार. सहा महिने झाले तरी याच्याकडे एकही माणूस आला नव्हता. एका रात्री त्याचा फोन आला.

"सर, लोक दंड बघून ट्रेनर निवडतात. माझे तसे नाहीत. सीनियर म्हणतात, इंजेक्शनं घे, तीन महिन्यांत बॉडी बनेल. नाहीतर पावडरचे डबे विक, डब्यामागे कमिशन आहे. काय करू? परत येऊ का?"

व्यायामातलं मला कळत नाही. पण विद्यार्थी टिकवणं हे माझं वीस वर्षांचं काम आहे. त्याला म्हटलं, "बेटा, तुझ्या शाळेत कोणत्या मास्तरांचा वर्ग भरलेला असायचा? जास्त डिग्र्या असलेल्यांचा?" तो हसला. म्हणाला, "नाही सर, नाव घेऊन विचारायचे त्यांचा."

मग आम्ही फोनवरच एक वही आखली. माणसाचं नाव, वय, काम, झोप किती, जुनं दुखणं कोणतं, औषध कोणतं चालू आहे, डॉक्टरांनी काय मना केलंय, आणि त्याला स्वतःला काय हवंय. या शेवटच्या रकान्यावर मी जोर दिला. पन्नाशीच्या बाईला आखीव पोट नको असतं. तिला गुडघा न धरता जिना चढायचा असतो. कापड दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्याला कंबर हवी असते. शिक्षक अभ्यासक्रम हातात घेऊन वर्गात जातो खरा, पण सुरुवात त्याला मुलं जिथे आहेत तिथूनच करावी लागते. बीएडला आम्हाला हेच शिकवलं होतं, 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. दहा किलोचं वजन नीट न उचलणाऱ्याला चाळीस किलो देणं म्हणजे बाराखडी न येणाऱ्याला निबंध लिहायला लावणं.

इंजेक्शनांबद्दल मी त्याला कडक बोललो. बाजारात मिळणारी ती स्टेरॉईड्स हृदय, यकृत आणि संतानक्षमता यांच्याशी खेळतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल. शिवाय आमच्याकडे एक शब्द आहे, 'अमानत'. दुसऱ्याने विश्वासाने सांभाळायला दिलेली वस्तू. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. तो मुसलमान नाही, पण अर्थ त्याला लगेच कळला. स्वतःचं शरीर अमानत, आणि जो माणूस समोर येऊन उभा राहतो त्याचं तर दुप्पट. त्याला गरज नसलेला डबा विकणं ही अमानतीत खयानत.

पण नुसत्या सचोटीवर कोणी फी देत नाही, ज्ञानही लागतं. त्याने पैसे साठवून फिटनेस ट्रेनरचा प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम केला आणि सोबत प्रथमोपचार व सीपीआर शिकला. स्नायूंची नावं पाठ करताना रडकुंडीला आला. मी म्हटलं, पाठ करू नकोस, स्वतःच्या अंगावर हात ठेवून शोध.

या सगळ्यात मला आठवत होता तो बडोद्याचा आखाडा. बडोद्यात जुम्मादादा नावाचे मुसलमान वस्ताद होते. त्यांचे शिष्य माणिकराव, पुढे राजरत्न प्रोफेसर माणिकराव म्हणून देशभर ओळखले गेले. भारतीय व्यायाम, सामुदायिक कवायत, आपल्या भाषेतले हुकूम, निखळलेली हाडं बसवणं अशी त्यांची कीर्ती. एवढं नाव झाल्यावरही व्यायामशाळेला नाव राहिलं ते वस्तादांचं. आजही ती जुम्मादादा व्यायाम मंदिर म्हणूनच ओळखली जाते. ट्रेनरचं यश कशात मोजायचं, असं कोणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो. जुम्मादादांचे दंड किती इंची होते कुणास ठाऊक. त्यांचा शिष्य कोण, हे मात्र ठाऊक आहे.

पहिला माणूस त्याला मिळाला तो भाषेमुळे. सुरतेत आपल्याकडची माणसं पुष्कळ. एका खानदेशी दुकानदाराला त्याने मराठीत विचारलं, "काका, खांदा कधीपासून दुखतोय?" काकांना दोन महिन्यांत कोणी हे विचारलं नव्हतं. काकांनी मेहुण्याला आणलं. मेहुण्याने शेजाऱ्याला, जो मुसलमान होता आणि रमजान तोंडावर आला होता. जिममध्ये त्याला सांगितलं गेलं होतं की महिनाभर बंद ठेवा. माझ्या विद्यार्थ्याने मला फोन करून रोजाचं सगळं वेळापत्रक विचारलं. सहरी किती वाजता, इफ्तारला काय खातात, तरावीहला किती वेळ उभं राहावं लागतं. मग त्याने जड वजनं बंद केली, इफ्तारनंतर पोट हलकं झाल्यावर अर्धा तास ठेवला आणि दिवसा फक्त हलकं चालणं. तो शेजारी ईदनंतर आणखी दोघांना घेऊन आला.

त्याची एक युक्ती तर थेट काठीची आहे. राजवाडी होळीला ज्यांचं व्रत असतं ते काही दिवस पालनी पाळतात. खाटेवर झोपायचं नाही, अनवाणी राहायचं, संयम राखायचा. मग कमरेला घुंगरं बांधून रात्रभर नाचायचं, आणि पहाटे होळी पेटते. नियम थोडे, दिवस ठरलेले, आणि सगळे मिळून पाळणारे. म्हणून पाळले जातात. हा मुलगा नव्या माणसाला वर्षाचा तक्ता देत नाही. एकवीस दिवस, तीन नियम, आणि सोबतीला एक जोडीदार. एकवीस दिवस झाले की पुढचं बोलायचं. सोडून जाणारे त्याच्याकडे कमी आहेत.

आता तो सुट्टीत गावी येतो तेव्हा भरतीची मुलंमुली त्याच्याभोवती जमतात. धावायला लावण्याआधी तो त्यांना एक प्रश्न विचारतो, जो सुरतेत विचारावा लागत नाही: "सिकलसेलची तपासणी झालीय का? कार्ड कुठाय?" आमच्या जिल्ह्यात आदिवासी समाजात हा आजार बराच आहे. नुसते वाहक असलेले लोक एरवी ठणठणीत असतात. पण उन्हात, पाणी न पिता, एकदम जीव तोडून धावले तर स्नायूंना इजा होऊन कोसळू शकतात. वाहकाने धावूच नये असं नाही. हळूहळू वाढवायचं, मध्ये विश्रांती, पाणी, आणि पायात विचित्र गोळा आला की त्याच जागी थांबायचं. 'दम काढ, दम काढ' म्हणून ओरडणारा प्रशिक्षक अशा मुलाचा जीव घेऊ शकतो. विचारणारा वाचवतो.

सध्या त्याच्याकडे अकरा जण आहेत. त्यात चार बायका, आणि त्यांच्यासाठी त्याला एक स्त्री ट्रेनर हवी आहे. तिथल्या दोन चाचींनी स्पष्ट सांगितलंय, "तू चांगला आहेस, पण शिकवायला मुलगी आण." त्याची नजर गावातल्या एका मुलीवर आहे, जी 800 मीटर सुंदर धावते आणि लेखीत अडकते. तिच्या वडिलांना पटवायचं काम त्याने माझ्यावर टाकलंय. येत्या रविवारी काठीला जायचं आहे. ते विचारतील, "जिममध्ये पोरगी काय करणार?" मी सांगणार आहे, "शिकवणार. माझ्यासारखीच."