काटोल रोडवरची नावं

काटोल नाका मागे पडला म्हणून नागपूर संपत नाही. लॉन, मंगल कार्यालयं, प्लॉटच्या पाट्या आणि ढाबे यांच्या रूपानं ते बरंच पुढे रेंगाळतं. कळमेश्वर वीसेक किलोमीटरवर. शहरातली माणसं या वाटेला लागतात ती अडाशाच्या गणपतीसाठी, नाहीतर धापेवाड्याच्या विठोबासाठी. मला भेटायचं होतं मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्यात पोलिसांच्या लाठ्या खाल्लेल्या एका म्हाताऱ्याला. कळमेश्वरच्या एका मित्रानं गाठ घालून द्यायचं कबूल केलं होतं.

पहिली मोठी कमान येते ती गोरेवाड्याची. इथल्या आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव आहे. २६ जानेवारी २०२१ रोजी उद्घाटन झालं, आणि नाव त्याच महिन्यात ठरलं. ‘गोंडवाना’ नाव द्या म्हणून आदिवासी संघटनांनी निदर्शनं केली. ही गोंड राजांची भूमी, मागणी रास्तच होती. कुणी ऐकलं नाही. इथं नाव एका महिन्यात ठरलं; दुसऱ्या एका नावाला मात्र वर्षानुवर्षं लागली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी मंजूर केला, आणि तो अमलात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. तेही नामांतर म्हणून नव्हे, ‘मराठवाडा’ तसंच ठेवून केलेला नामविस्तार म्हणून. ठराव झाला तेव्हा आणि नामविस्तार झाला तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवारच होते. नामांतराला कडाडून विरोध करणाऱ्यांत बाळासाहेब ठाकरे होते. ही कमान ओलांडताना हे सगळं आठवू नये म्हणावं, तर ते जमत नाही.

पुढे जुनापाणी. रस्त्यापासून थोडं आत, माळावर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळं आहेत, शेकड्यांनी. लोहयुगातली ही दफनं, अडीच हजार वर्षांच्या आसपासची. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्यानं त्यातली काही उकरली, नंतर पुरातत्त्व खात्यानं. आपल्या मृतांसाठी एवढे दगड ओढून आणणारे लोक होते ते! नाव मात्र त्यातल्या एकाचंही उरलेलं नाही. लिपीच नव्हती, त्यांचा दोष नाही.

फेटरीजवळ चिचोलीला शांतिवन आहे. १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दीक्षा समारंभ ज्यांच्या धडपडीतून उभा राहिला, त्या वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू इथं जपल्या. त्यातल्या पुष्कळशा बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्याकडून आलेल्या. कोट, टोप्या, काठ्या, टंकलेखन यंत्र. बराच काळ कसर आणि दमट हवेशी झुंजत त्या पडून होत्या. कपड्यांवर रासायनिक प्रक्रिया पुढे कधीतरी झाली. मला वस्तूंपेक्षा गोडबोल्यांचंच जास्त अप्रूप वाटलं. सरकारी संग्रहालयाच्या जन्माची वाट न बघता एका माणसानं ठरवलं, हे आपणच ठेवायचं. या पट्ट्यातल्या बौद्ध वस्त्यांची ही जुनी सवय आहे, आणि तिच्यामागे तितकाच जुना अनुभव आहे.

कळमेश्वरात शिरताना पोलादी पत्र्याच्या कारखान्याकडे जाणारे ट्रक वाट अडवतात. नागपूर-इटारसी मार्गावरचं स्टेशन, बाजाराची गर्दी, संत्र्याचे ढीग. ज्यांना भेटायचं होतं ते काका वस्तीतल्या विहाराजवळ वाट पाहत बसले होते. “जय भीम” म्हणून झालं, चहा आला, आणि त्यांनी सरळ सुरुवात केली.

“आमी तवा पोट्टे होतो जी. विद्यापीठ औरंगाबादचं. आमच्यातला एकही तिथी शिकाले जाणार नोता. मंग काहून गेलो मोर्च्यात? नाव बाबासायबाचं होतं म्हनून.”

आज त्या शहराचं नाव वेगळं आहे. काकांच्या तोंडी ते औरंगाबादच. आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मागण्याला आधार होता. मराठवाड्यात विद्यापीठ १९५८ मध्ये आलं, त्याच्या आठ वर्षं आधी, १९५० मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं तिथं कॉलेज काढलं होतं. गावकुसाबाहेरची पोरं ज्या दारातून उच्च शिक्षणात शिरली, ते दार त्यांनी बांधलं होतं. ठराव मंजूर होताच मराठवाड्यात शेकडो गावांतल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं पेटली, हजारो माणसं बेघर झाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना हालहाल करून मारलं, सुगावात जनार्दन मवाडे यांना. पोचीरामांनी मरेपर्यंत ‘जय भीम’ सोडलं नाही, असं आजही सांगितलं जातं. ज्या अभिवादनासाठी टेंभुर्णीत जीव गेला ते रूढ करण्याचं श्रेय बाबू हरदास यांना देतात. ते इथून फार लांब नसलेल्या कामठीचे.

नागपुरात या अत्याचारांचा निषेध करायला लोक रस्त्यावर आले आणि ४ ऑगस्ट १९७८ रोजी इंदोऱ्यात दहा नंबर पुलाजवळ पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्यांत अविनाश डोंगरे हा कोवळा पोरगा होता. काका त्याचं नाव पुरं घेतात, आडनावासकट, एखाद्या थोरामोठ्याचं घ्यावं तसं. मग बोटांवर मोजत बाकीची सांगू लागले: दिलीप रामटेके, रोशन बोरकर, रतन मेंढे, अब्दुल सत्तार... शेजारी बसलेल्या नातवानं विचारलं, “आबा, सत्तार कोन?” “आपलाच व्हय,” एवढंच उत्तर. यादीत मुसलमान नाव कसं, हा प्रश्न आजच्या पोराला पडावा आणि आजोबांना त्यात उलगडण्यासारखं काही वाटू नये, ही गोष्ट मी वहीत टिपून ठेवली.

मी त्यांना सोवेटोचं सांगितलं. १६ जून १९७६, म्हणजे इंदोऱ्याच्या दोन वर्षं आधी, दक्षिण आफ्रिकेतली काळी शाळकरी मुलं आफ्रिकान्स भाषेची सक्ती नको म्हणून निघाली आणि पोलिसांच्या गोळीनं हेक्टर पीटरसन हा बारा वर्षांचा मुलगा मेला. त्याला उचलून धावणाऱ्या मुलाचा फोटो सॅम न्झिमा यांनी काढला आणि तो जगभर गेला. पुढे वर्णभेदाची राजवट गेली. झाल्या अत्याचारांची नोंद घ्यायला डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, एकवीस हजारांच्या वर लोकांनी जबान्या दिल्या. त्या आयोगाच्या अहवालाचा सातवा खंड म्हणजे नावांचीच जंत्री आहे: कोण, कुठला, कधी, काय झालं, दोन-तीन ओळींत. सरकारनं नेमलेल्या आयोगानं छापलेली. अपराध्यांना माफी दिली म्हणून तिथं त्या आयोगावर टीका पुष्कळ झाली आणि ती योग्यच आहे. पण नावं तर लिहिली.

“आपल्याकडं?” नातू.

आपल्याकडे असा खंड निघालेला नाही. इंदोऱ्याला दहा नंबर पुलाजवळ नामांतर शहीद स्मारक आहे. ४ ऑगस्टला आणि १४ जानेवारीला तिथं रीघ लागते. नावं टिकली ती तिथल्या दगडावर आणि अशा म्हाताऱ्यांच्या बोटांवर. नागपूरकरांना दुसरं शहीद स्मारक माहीत असतं ते सीताबर्डीचं, १९९४ च्या गोवारी मोर्च्यातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्यांचं. त्यांची ओळख आकड्यातच थिजली आहे, ११४. हा आकडा सांगणाऱ्यांपैकी किती जणांना त्यातली चार नावं सांगता येतील, मला शंका आहे.

काका लाँग मार्चलाही गेले होते. प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली ११ नोव्हेंबर १९७९ रोजी दीक्षाभूमीवरून निघालेला तो मार्च औरंगाबादला पोचू दिला गेला नाही. खडकपूर्णा नदीच्या पुलावर अडवून हजारोंना अटक झाली. काका तिथवर नव्हते. “दोन मुक्काम चाललो, पाय सुजले, वापस आलो. खोटं काहून सांगू?” नातवाला हे पहिल्यांदाच कळत होतं. आजवर त्याच्या कल्पनेत आजोबा थेट पुलावर होते.

उठताना मी सहज म्हणालो, आता मोहप्याला जाईन म्हणतो, किसन फागूजी बनसोडे तिथले. मोहपा याच तालुक्यातलं. १८७९ मध्ये जन्मलेल्या बनसोड्यांनी १९०७ मध्ये नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली, स्वतःचा छापखाना घातला आणि ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी एकामागून एक पत्रं काढली. एक बंद पडलं की दुसरं. पाणवठा, शाळा, देऊळ, गिरणीतली मजुरी, जिथं जिथं वेगळं बसवलं जात होतं ते सगळं त्यांनी छापलं. या भागात आपल्या माणसांची नोंद आपणच ठेवायची, हे त्यांच्यापासून धरता येईल.

काकांचा चेहरा मात्र उतरला. “ते धर्मांतराच्या इरोधात गेले ना जी!” ते खरं होतं. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली ती बनसोड्यांना मान्य नव्हती, आणि १९४६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हिंदूच राहिले. बोटांवर इतकी नावं ठेवणाऱ्या माणसानं हे एक नाव बाजूला ठेवलं होतं, ठरवून. मला ते पटलं नाही आणि मी तसं म्हणालो. आधी छापखाना, मग मोर्चा. पहिल्याशिवाय दुसरं कसं झालं असतं?

“कोन बनसोडे?” नातवानं मोबाईल काढला.

“ठेव तो,” काका म्हणाले. “मी सांगतो ना.” आणि सांगू लागले. आधी बनसोडे कुठं चुकले ते, मग कुणाला शिकवलं ते, मग पुन्हा कुठं चुकले ते. मोहप्याची एस.टी. आली तेव्हा ते १९१३ पर्यंत पोचले होते, आणि नातवानं मला हातानंच खुणावलं की तुम्ही निघा, हे अजून बराच वेळ चालणार आहे.