विषय सोडून

मे महिन्यातली अकोल्याची दुपार ज्याने काढली आहे, त्याला वेगळं काही सांगायला नको. पारा 45 च्या वर, आणि जुने शहरातल्या आमच्या गल्लीत अकरानंतर कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. अशा वेळी मी कूलरसमोर बसून बर्फात हिंडत असतो.

हसू नका. नातू इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि त्याचा जुना संगणक इथेच राहिला. त्यात ‘स्कायरिम’ नावाचा खेळ होता. बेथेस्डा या अमेरिकन कंपनीने तो 11 नोव्हेंबर 2011 ला बाजारात आणला. दिवाळीच्या सुट्टीत नातवाने मला बसवून शिकवलं. चालायचं कसं, वस्तू उचलायची कशी, तलवार काढायची कशी. तलवार काढणं मी विसरलो आहे. बाकी सगळं येतं.

खेळ सुरू होतो तेव्हा तुम्ही हात बांधलेले कैदी असता. गाडीत घालून मुंडकं उडवायला नेत असतात. तेवढ्यात ड्रॅगन येतो, गावाची राख करतो, आणि त्या गोंधळात तुम्ही निसटता. पुढे रिव्हरवुड नावाचं नदीकाठचं लहानसं गाव लागतं. तिथे तुम्हाला सांगतात की व्हाइटरनला जा, तिथल्या सरदाराला ड्रॅगन आल्याचा निरोप दे. तिथून खरी कथा सुरू होते म्हणे.

मी तो निरोप अजून दिलेला नाही.

पहिल्यांदा कारण साधं होतं. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. बीएला इंग्रजी होतं, पण ते पेपरापुरतं. खेळातली माणसं भराभर बोलतात, खालची अक्षरं उमटून नाहीशी होतात, आणि शब्दकोश उघडेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. मग लक्षात आलं की या खेळात पुस्तकं आहेत. खरीखुरी, उघडून वाचता येतील अशी, शेकडो. राजांच्या कथा, प्रवासवर्णनं, धर्माच्या गोष्टी. पुस्तक पळून जात नाही. मी शेजारी शब्दकोश ठेवून दिवसाला दोन-तीन पानं वाचतो.

पुस्तकं जमवायची तर पैसा हवा. रिव्हरवुडला आरागिरणी आहे. लाकूड फोडून दिलं की नगाला 5 मोहरा मिळतात. व्हाइटरनच्या वेशीबाहेर शेतं आहेत. तिथला गहू, कोबी तोडायचा आणि त्याच शेताच्या मालकाला विकायचा! तो ठरल्या भावाने, तिथल्या तिथे रोख देतो. कापसाची गाडी घेऊन रात्रभर बाजारात थांबलेल्या आमच्याकडच्या माणसाला हे सांगितलं तर तो म्हणेल, सर, हाच खरा जादूचा खेळ. गहू आणि डोंगरातली निळी फुलं एकत्र केली की जखमेवरचं औषध होतं. कोणत्या पाल्याचा काय गुण ते कळायला आधी तो खाऊन बघावा लागतो. आमची आजी असंच करायची.

अंगावर 300 च्या वर ओझं झालं की धावता येत नाही. माझ्याकडे पुस्तकंच इतकी की मी कायम पाय ओढत चालतो. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला येणारी कावड रस्त्याने पाहिली असेल, तर चाल कशी ते कळेल.

नातू फोनवर वैतागतो. “काय करता आबा तुम्ही! ड्रॅगन तर मारा एक तरी.” मी म्हणालो, “मला तर कुठे दिसतच नाही रे ड्रॅगन.” तेव्हा त्याने सांगितलं, आणि मला ते फारच आवडलं, की कथा थोडी पुढे गेल्याशिवाय ते येतच नाहीत. सरदाराला निरोप नाही, तोवर आकाश मोकळं. तो विनाशकर्ता कुठेतरी बसून आहे, माझी वाट पाहत. बसू दे.

अमेरिकेतल्या शर्ली करी नावाच्या आजीबाईंचे व्हिडिओ त्यानेच पाठवले. जन्म 1936 चा, आणि 2015 पासून त्या हाच खेळ खेळताना दाखवू लागल्या. कंपनीने 2019 मध्ये जाहीर केलं की पुढच्या खेळात त्यांच्यावरून एक पात्र करणार. त्या मात्र लढतात. मी त्यातलाही नाही.

तर, परवा गहू तोडता तोडता एक जुनी गोष्ट आठवली. 1987 च्या सहामाहीला सातवीला मी निबंध घातला होता, ‘नदीचे आत्मवृत्त’. ठरलेला साचा होता. मी डोंगरात जन्मले, खळाळत आले, लोकांनी मला घाण केलं, मी सागराला मिळाले. चाळीस पोरांनी तेच लिहिलं आणि मी सहा-सात असे गुण वाटले. मागच्या बाकावरच्या एकाने लिहिलं की तो आणि त्याचा बाप पहाटे मोर्णेत जाळं टाकतात, कोणत्या डोहात काय सापडतं, पुराच्या पाण्याचा रंग पाहून ते कसं ओळखायचं, आणि आठवडी बाजारात किती पैसे आले. अशुद्धलेखन भरपूर. मी 10 पैकी 3 दिले आणि तांबड्या शाईने लिहिलं, ‘विषय सोडून लिहिले आहे.’

सगळा निबंध नदीबद्दल होता.

दहावीच्या आधीच त्याने शाळा सोडली. माझ्या तीन गुणांमुळे सोडली असं म्हणणं म्हणजे स्वतःला उगाच मोठं करणं. घरचीच ओढाताण होती. पण तो कागद मी पोराच्या हातात परत दिला होता, आणि तो घेताना त्याने वर पाहिलं नव्हतं, हे मला स्वच्छ आठवतं.

आता त्याचं पुलाजवळ सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. दिसलो की अजून पाया पडतो. निबंधाचा विषय काढायचा धीर मला इतकी वर्षं झाला नाही. परवाही झाला नाही. दुकानासमोर उभा राहून एवढंच विचारलं, “काय रे, तू लहान असताना मोर्णेत मासे कोणते मिळायचे?”

त्याने हातातला पाना खाली ठेवला. “कायले विचारता सर?” म्हणाला. मग स्टूल पुढे सरकवलं, हात पुसले. “बसा. तवा मरळ भेटे, वाम भेटे. पन कुठं टाकाचं ते मालूम पाह्यजे...”

एक गिऱ्हाईक पंक्चर झालेली सायकल घेऊन उभं होतं. ते बराच वेळ उभंच राहिलं.