उष्टा श्वास

दुसऱ्याने वापरलेली वस्तू विकत घेण्याची मला लहानपणापासून गोडी. पुण्याच्या जुन्या बाजारातून काटे नसलेले घड्याळ घरी घेऊन येणाऱ्या मुलाचे पुढे काय होणार, हे माझ्या वडिलांनी तेव्हाच ओळखले होते. वीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त मी इंग्लंडात लेस्टरला आलो आणि जुना बाजार मागे पडला. पण थोड्याच दिवसांत तो इंटरनेटच्या वाटेने पुन्हा घरात शिरला, आणि या खेपेला बुधवार-रविवारचे बंधनही उरले नाही. पिअर ओमिड्यार नावाच्या गृहस्थाने १९९५ साली अमेरिकेत ही ईबेची पेढी सुरू केली, तेव्हा तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक मोडका लेझर पॉइंटर होता. तो मोडका आहे हे सांगून विकला, आणि तरी गिऱ्हाईक मिळाले! असल्या दुकानाशी माझे जमणार नाही तर कुणाचे?

चाळिशी उलटल्यावर मी डायव्हिंग शिकलो. लेस्टरहून समुद्र चांगलाच लांब आहे. पण जवळच स्टोनी कोव्ह नावाची ग्रॅनाइटची एक जुनी खाण आहे. खाणकाम थांबले, पाणी भरले, आणि आता सुमारे पस्तीस मीटर खोलीच्या त्या डोहात देशभरचे हौशी पाणबुडे शनिवार-रविवारी बुड्या मारतात. तळाशी त्यांच्या करमणुकीसाठी एक जुनी टगबोटही बुडवून ठेवली आहे. पाणी बर्फासारखे थंड, आणि मासे आपल्याकडे जरा संशयानेच पाहतात. मला ते फार आवडते. आवडत नाही ती नव्या सामानाची किंमत. डोक्यापासून पायापर्यंत नवा संच घ्यायचा म्हटले, तर हजार पौंड कुठल्या कुठे जातात. तेव्हा मी माझ्या मूळ धर्माकडे वळलो.

आमच्या सौभाग्यवतींना हे कळले तेव्हा त्यांनी पैशांचा प्रश्न काढलाच नाही. "म्हणजे दुसऱ्याच्या तोंडातलं तुम्ही तोंडात घालणार?" एवढेच त्या म्हणाल्या. पन्नास पिढ्यांचे सोवळे त्या एका वाक्यात उभे राहिले. मी सांगितले की तोंडात धरायचा तेवढा रबरी तुकडा वेगळा निघतो, थोड्याशा पैशांत नवा मिळतो आणि तो मी पहिल्याच दिवशी बदलतो. त्यावर त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या मागचं?"

प्रश्न बिनतोड होता. त्या तुकड्यामागे जे असते तेच खरे यंत्र. त्याला रेग्युलेटर म्हणतात. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये लोकांना वाटतो तसा ऑक्सिजन नसतो, साधी हवाच असते. पण ती दोनशे बार म्हणजे वातावरणाच्या दोनशेपट दाबाने कोंबलेली. ती तशीच तोंडात सुटली तर माणूस फुग्यासारखा फुटेल. रेग्युलेटरचा पहिला टप्पा हा दाब नऊ-दहा बारांवर आणतो. तोंडाजवळचा दुसरा टप्पा आपण श्वास ओढू तेव्हाच, आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा सोडतो. दहा मीटर खाली गेलात की पाण्याचा एका वातावरणाएवढा दाब वाढतो. यंत्र ते आपले आपण ओळखते. झाक कुस्तो आणि एमिल गान्यान या दोघा फ्रेंचांनी १९४३ साली हे जमवले. म्हणजे वीस मीटर पाण्याखाली माझ्या आणि परलोकाच्या मध्ये एक पातळ रबरी पडदा, एक स्प्रिंग आणि चार-दोन कड्या असतात. आणि हे सगळे मी एका अनोळखी माणसाकडून, त्याने काढलेल्या तीन अंधुक फोटोंवर भरवसा ठेवून घेत असतो.

म्हणून काही पथ्ये मी पहिल्यापासून पाळतो. शिशाची वजने डोळे मिटून घ्यावीत. शिशाला म्हातारपण नाही. पायातले पंख आणि मुखवटे हात लावून पाहता आले तर उत्तम, नाही तरी विशेष बिघडत नाही. सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेल्या तारखा मात्र वाचल्याच पाहिजेत. ब्रिटनमध्ये त्याची दर अडीच वर्षांनी आतून पाहणी आणि दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली परीक्षा व्हावी लागते. मुदत टळलेल्या सिलिंडरात कोणताही शहाणा दुकानदार हवा भरून देत नाही. आणि रेग्युलेटर घ्यायचा तर पहिल्या टप्प्याच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते तिचा फोटो मागवावा. ती हिरवट दिसली तर आत पाणी शिरले आहे असे समजावे आणि नमस्कार करून बाहेर पडावे. जाळी स्वच्छ असली, तरी वस्तू घरी आल्यावर ती कारागिराकडून उघडून घ्यायची, हा खर्च आधीच किमतीत धरावा. पुष्कळदा हा खर्च किमतीहून मोठा निघतो.

बोली लावण्याचे शास्त्र निराळेच आहे. 'एक वार, दोन वार' म्हणणारा इथे कुणी नसतो. ठरलेल्या सेकंदाला दार बंद होते. तुम्ही तुमची जास्तीत जास्त रक्कम एकदा सांगून ठेवायची. यंत्र तुमच्या वतीने गरजेपुरतेच वर चढते, आणि जिंकलात तर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून जरासे जास्त द्यावे लागते. इतका सरळ हिशेब असता कुणीही आपला आकडा टाकून निवांत झोपावे. पण झोपते कोण? रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखवून दिले की, जिथे वेळ संपली की संपली असा नियम होता त्या ईबेवर शेवटच्या क्षणी बोली टाकणारे जास्त होते. अमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावात उशिरा बोली आली की मुदत वाढत असे, आणि तिथे ही घाई कमी होती. मीही त्या शेवटच्या क्षणवाल्यांतलाच. रविवारी रात्री घड्याळाकडे डोळे लावून बसतो, आणि पलीकडे मँचेस्टरला किंवा कार्डिफला कुणी माझ्यासारखाच बसला असेल अशा विचाराने त्याचा उगीचच द्वेष करतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये असाच एक जोडीचा माल मी जिंकला: रेग्युलेटर आणि मनगटावरचा डायव्ह कॉम्प्युटर, दोन्ही मिळून ब्याण्णव पौंड. जाहिरातीत एवढेच होते: 'थोडे वापरलेले, उत्तम चालते, छंद सुटल्यामुळे विक्री.' छंद सुटणे ही या बाजारातली नित्याची गोष्ट आहे. लग्न, मूल, गुडघे, घराचे हप्ते. कारणे कुणी लिहीत नाही आणि आपण विचारीत नाही.

हा मनगटी कॉम्प्युटर तुम्ही किती खोल गेलात, किती वेळ राहिलात, शरीरात किती नत्रवायू मुरला असेल, याचा हिशेब ठेवतो. आणि झालेल्या बुड्या लक्षात ठेवतो. विकताना तो पुसून द्यायला पुष्कळ लोक विसरतात. हा मनुष्यही विसरला होता. मी बटण दाबत गेलो आणि त्याच्या सतरा बुड्या एकामागून एक समोर आल्या. पहिल्या तेरा अठ्ठावीस अंशांच्या पाण्यातल्या. कुठल्या तरी उबदार समुद्रावरची सुट्टी असणार. मग तीन महिने काही नाही. मग तीन बुड्या चौदा-पंधरा अंशांच्या. आणि शेवटची जानेवारीतली: खोली एकोणीस मीटर, पाणी सहा अंश, वेळ अकरा मिनिटे. तिच्यापुढे इशाऱ्याची खूण. माणूस फार वेगाने वर आला होता.

त्यानंतर एकही बुडी नव्हती.

वेगाने वर येणे म्हणजे काय, ते ज्याने एकदा बुडी मारली आहे त्याला सांगावे लागत नाही. छातीतली हवा वर येताना प्रसरण पावते, रक्तात बुडबुडे होऊ शकतात. शिकवणीच्या पहिल्या दिवसापासून ते करू नका म्हणून बजावलेले असते. तरीही मनुष्य तसा आला होता. आणि त्या वेळी त्याच्या तोंडात जे होते ते आता माझ्या टेबलावर पडले होते.

मी त्याला पत्र लिहिले. तक्रार नाही, काय घडले एवढेच विचारले. आठ दिवस उत्तर नाही. मग चार ओळी आल्या. तळाशी असताना रेग्युलेटरमधून अचानक हवा धो-धो वाहू लागली, थांबेना, डोळ्यांपुढे बुडबुड्यांशिवाय काही दिसेना. जोडीदाराने धरले म्हणून बरे. पुढे दुकानात नेला तर यंत्र ठणठणीत निघाले. 'तेव्हा दोष माझ्या घाबरटपणाचा असणार. तुम्ही निर्धास्त वापरा.'

मी रेग्युलेटर माझ्या कारागिराकडे नेला. त्याने तो उलटा केला आणि फोटोत न दिसलेल्या बाजूवर नख ठेवले. तिथे ईएन २५० या युरोपीय मानकाचा शिक्का होता आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत दहा अंशांपेक्षा जास्त, अशी खूण. म्हणजे यंत्र उबदार पाण्यासाठी केलेले. दाब एकदम उतरला की हवा कमालीची थंड होते. पाणी मुळात गार असले तर यंत्रावर बर्फ धरतो, झडप उघडी ती उघडीच राहते, आणि दोन-चार मिनिटांत सिलिंडर रिकामे. दुकानातल्या खोलीत ते अर्थातच ठणठणीत निघणार.

हे सगळे मी त्याला सविस्तर कळवले. घाबरला असेल तर यथायोग्य घाबरला, असेही लिहिले. रेग्युलेटरची सफाई करून तो मी भाच्याबरोबर मालवणला पाठवला. तिथल्या समुद्राला सहा अंश म्हणजे काय ते माहीत नाही. सौभाग्यवतींनी पाठवण्यापूर्वी त्याला नवा रबरी तुकडा बसवला की नाही, हे दोनदा विचारून घेतले.

महिन्याभराने त्या गृहस्थाचे पुन्हा पत्र आले. कॉम्प्युटर अजून माझ्याजवळ आहे का, असल्यास काय घ्याल, अशी विचारणा होती. मी चाळीस सांगितले. तो पस्तीसवर अडून बसला, आणि टपालखर्चही माझ्याच माथी मारू पाहत होता. शेवटी साडेसदतीसवर तोडले. सतरा बुड्या मी पुसल्या नव्हत्या.