चाळ सोडली, मनी सोडली नाही

गिरणगावात ज्यांचे बालपण गेले त्यांना बी.डी.डी. चाळ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. १९२० साली इंग्रज सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट नावाचे खाते काढले. त्या खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे या चाळी बांधल्या. एकट्या वरळीत १२१ चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, मजल्यावर सामाईक संडास. एका चाळीत ८० खोल्या आणि एक खोली १६० चौरस फुटांची! एवढ्याशा जागेत आपल्या समाजाच्या तीन-तीन पिढ्या वाढल्या. भीमजयंतीच्या मिरवणुका इथूनच निघाल्या आणि १९७४ च्या दंगलीच्या रात्रीही याच चाळींनी पाहिल्या.

या चाळींत माणसांबरोबर मांजरेही राहत होती. घुशी-उंदरांचा सुळसुळाट एवढा, की मांजर हे चाळीचे बिनपगारी नोकरच म्हणायचे. ते एका घरचे नसते, सगळ्या पॅसेजचे असते. एका दारात दूध, दुसऱ्या दारात चपातीचा तुकडा आणि कोळीण आली की मांदेलीची डोकी. आमच्या आईची मनी मात्र रात्री आमच्याच कॉटखाली झोपायची. वडील गेल्यानंतर आईला तिची फार सोबत झाली.

ऑगस्ट २०२१ मध्ये वरळीच्या पुनर्विकासाचे बांधकाम सुरू झाले. त्याआधीपासूनच पात्र-अपात्रतेच्या याद्या लागत होत्या, कागदपत्रांच्या झेरॉक्स काढून माणसे थकली होती. माणसांची मोजणी झाली, मांजरांची कोण करणार? चाळ रिकामी करायची वेळ आली तेव्हा शेजारच्या एका भल्या माणसाने सुचवले, "मनीला पोत्यात घाला आणि मासळी बाजारात सोडून या. तिथे तिचे पोट भरेल." असे करणारे पुष्कळ आहेत. त्यात त्यांना काही वावगेही वाटत नाही. आई एवढेच म्हणाली, "तिला सोडायचे असेल तर मलाही तिथेच सोडा." विषय तिथेच संपला.

मांजर माणसाला नव्हे, घराला धरून राहते, असे जुनी माणसे म्हणत. त्यात तथ्य आहे. दाराची चौकट, कॉटचा पाय, पिंप यांना गाल घासून मांजर आपला वास लावून ठेवते. त्या वासावर त्याला घर ओळखू येते. नव्या जागी तो वास नसतो, म्हणून ते बावरते आणि संधी मिळताच जुन्या घराकडे धावते. आमची अडचण हीच होती. जुने घरच पाडले जाणार होते. मनी परत गेली असती तर तिला दगडविटांचा ढीग आणि यंत्रांची घरघर याशिवाय काय मिळाले असते?

परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात, तिला रेबीजची लस टोचून घेतली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलेले आम्ही तंतोतंत पाळले. निघण्यापूर्वी काही तास तिला खायला दिले नाही. झाकणाच्या टोपलीत आईच्या जुन्या लुगड्याचा न धुतलेला तुकडा अंथरला. झाकण सुतळीने घट्ट बांधले, पण हवा जाऊ दिली. सामान टेम्पोतून गेले आणि मनी आईच्या मांडीवर टॅक्सीतून गेली. भाड्याच्या खोलीत पहिले काही दिवस तिला मोरीजवळच्या एकाच कोपऱ्यात ठेवले. तिथेच पाणी, तिथेच वाळूची पाटी आणि तोच लुगड्याचा तुकडा. महिनाभर दार उघडे टाकले नाही. दोन दिवस ती कॉटखालून बाहेर आली नाही. तिसऱ्या रात्री आईच्या पायाशी येऊन झोपली तेव्हा आम्हालाही सुखाची झोप लागली.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पहिल्या ५५६ रहिवाशांना नव्या घराच्या चाव्या मिळाल्या. ५०० चौरस फुटांचे घर, आत स्वतंत्र संडास-बाथरूम, वर जायला लिफ्ट! आमच्या घरात पहिल्यांदा तथागतांची मूर्ती आणि बाबासाहेबांची प्रतिमा आली, मग धान्य, मग मनीची टोपली. वास्तुशांती, मुहूर्त यांची आपल्याला गरज नाही. त्रिशरण-पंचशील घेतले, परित्राणपाठ झाला. मनीसाठी पुन्हा तोच कोपरा, तोच तुकडा. खिडक्या आणि गॅलरीला मात्र आधी जाळी ठोकून घेतली, कारण पाखरामागे झेप घेऊन उंचावरून पडलेली मांजरे दगावतात.

थोड्याच दिवसांत कुजबुज सुरू झाली. "आता आपण टॉवरमध्ये आलो, इथे मांजर-बिंजर नको." आम्ही भांडलो नाही. घाण कधीही पॅसेजमध्ये दिसणार नाही, लस वेळेवर टोचली जाईल आणि नसबंदी केलेली आहे, हे आम्ही सर्वांसमोर सांगितले. घरात प्राणी पाळण्यावर सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, तेही सांगितले. पाळलेल्या प्राण्याला उपाशी मरायला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या वाडवडिलांना या शहरात "तुम्हाला खोली नाही" हे किती वेळा ऐकावे लागले! स्वतः बाबासाहेब अनेक वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले आणि मग आपल्या ग्रंथांसह दादरच्या राजगृहात गेले. ज्यांना जागा नाकारली गेली त्यांनीच जागा मिळताच दुसऱ्या मुक्या जिवाला दार लावायचे काय? पंचशीलातले पहिले शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे आहे. परित्राणात आपण जे करणीयमेत्त सुत्त म्हणतो त्यात लहान-मोठ्या, जवळच्या-दूरच्या सर्व प्राणिमात्रांच्या सुखाची कामना आहे. ते मुखाने म्हणायचे आणि मांजर पोत्यात घालायचे, हे जुळत नाही.

अजून कितीतरी कुटुंबे चाळींतून नव्या घरी जायची आहेत. त्या बंधू-भगिनींना एवढेच सांगणे आहे. सामानाची यादी कराल तेव्हा आपल्या पॅसेजमधल्या मांजरांचीही करा. ज्याला शक्य आहे त्याने एक न्यावे, ज्याला शक्य नाही त्याने नेणारा शोधावा. एक टोपली, एक जुने लुगडे आणि महिनाभराचा धीर, याहून अधिक खर्च नाही.