दोन जिवांचें औषध

वडीलपणाचा अधिकार आणि ज्ञान हीं एकाच मापाचीं असतात, अशी आमची कित्येक वर्षें समजूत होती. ती कशी दूर झाली, हें सांगण्यास संकोच वाटतो. परंतु न सांगणें अधिक वाईट.

आमच्या कन्येस विषण्णतेचा विकार लग्नापूर्वींच जडला होता. सर्ट्रालीनच्या रोजच्या गोळीवर ती चार वर्षें उत्तम होती. तिला दिवस गेल्याचें कळलें त्याच दिवशीं आम्हीं कोणासहि न विचारतां फर्मान सोडलें, "आतां तूं दोन जिवांची; गोळ्या बंद." डॉक्टरांना विचारूं का, असें ती म्हणाली, तेव्हां आम्ही हंसलों. पपई वर्ज्य, तशी गोळीहि वर्ज्य, इतकें आमचें वैद्यक सोपें होतें!

पांचव्या महिन्यांत तिची झोंप गेली, अन्नावरची वासना उडाली. "डोहाळे असेच असतात," असें आम्हीच शेजाऱ्यांस सांगत होतों. पण डोहाळे लागलेली मुलगी कांहीं तरी मागते. हिनें मागणेंच सोडलें होतें. एके पहाटे ती म्हणाली, "बाबा, बाळ माझ्यावांचूनच बरें वाढेल." तेव्हां आमचे डोळे उघडले.

मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई आम्हांस रागें भरल्या नाहींत. त्या एवढेंच म्हणाल्या, "काका, गोळी घेण्यांतला धोका तुम्हीं तोललात, न घेण्यांतला तोलायचा राहिला."

२००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणींत, गर्भारपणीं असें औषध थांबविणाऱ्या स्त्रियांपैकीं शेंकडा ६८ जणींचा विकार उलटला. चालू ठेवणाऱ्यांपैकीं शेंकडा २६ जणींचा. उपचारावांचून राहिलेल्या विषण्णतेचा अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीशीं व कमी वजनाच्या मुलाशीं संबंध आढळतो. अर्थात् सर्व औषधें सारखीं नव्हेत. व्हॅल्प्रोएटमुळें शेंकडा सुमारें १० मुलांत जन्मजात व्यंग येतें, बुद्धीच्या वाढीसहि बाध येतो. म्हणून तें घेणारीनें दिवस जाण्यापूर्वींच डॉक्टरांकडून औषध बदलून घ्यावें. लिथियम घेणारीचें रक्त वारंवार तपासावें लागतें. सर्ट्रालीनचा अनुभव पुष्कळ आहे. तरी जन्मल्यावर कांहीं दिवस अर्भक किरकिरें होऊं शकतें, म्हणून त्याजवर नजर ठेवावी लागते.

गोळी पुन्हां सुरू झाली. सुधारणा एका रात्रींत झाली नाहीं. कांहीं आठवडे आम्ही तिच्या उशाशीं पाळीपाळीनें बसलों. नात झाली, दोन दिवस किरकिरली, मग स्वस्थ झोंपूं लागली. आज ती आमचा चष्मा ओढते, आणि तिची आई तें पाहून हंसते.

कन्येनें आम्हांस कधींच दोष दिला नाहीं. परंतु ते महिने तिला परत देणें आमच्या हातीं नाहीं. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असा प्रसंग आला, तर त्यांनीं फर्मान सोडूं नये. मुलीला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावें, आणि तिथें तिलाच प्रथम बोलूं द्यावें.