वहीत न आलेले भाडे

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांना सह्याद्रीने पाऊस उदंड दिला, पण जमीन देताना हात आखडता घेतला. सावित्रीच्या काठाने जे काही सपाट क्षेत्र आहे तेथे भात होते. तेथून वर चढत जावे तसतशी वरकस जमीन लागते, जिच्यात नाचणी आणि वरी यांखेरीज विशेष काही येत नाही, आणि तीही काही वर्षे पिकवली की पुढे काही वर्षे पडीक टाकावी लागते. अशा जमिनीचे भावाभावांत वाटे होत गेले म्हणजे सातबाऱ्यावर नावे वाढतात आणि कणगीतले धान्य मात्र होते तेवढेच राहते. म्हणून आमच्या बाजूस मुलाला मिसरूड फुटले की त्याने मुंबई गाठावी, यात कोणास पराक्रम वाटत नसे आणि संकटही वाटत नसे. ती पिढ्यांची वहिवाट होती. माझे वडील भाऊच्या धक्क्यावरून लाँचने धरमतरला आणि तेथून मोटारीने महाडला येत-जात. मी 1964 साली, जिल्ह्याचे नाव अद्याप कुलाबा असताना, एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि आईने बांधून दिलेली नाचणीची भाकरी घेऊन पोलादपूरच्या स्टँडवर एस.टी.त बसलो, तेव्हा मुंबईत राहायचे कोठे हा प्रश्न मला पडलाही नव्हता, कारण त्याची तजवीज गावाने मी जन्मण्यापूर्वीच करून ठेवली होती.

ती तजवीज म्हणजे गावकीची खोली. डिलाईल रोडच्या एका खाजगी चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब अशी ती खोली होती. नळ आणि संडास गॅलरीच्या टोकाला, सर्व मजल्याचे सामाईक. तिचे भाडे महिना 18 रुपये होते आणि ते वाढण्याचा संभव नव्हता, कारण 1947 च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे चालू होते तेच बहुतेक जुन्या जागांचे प्रमाण भाडे मानले होते. मात्र भाडे गोठले म्हणून जागा मिळत होती असे नव्हे. कायद्याने मनाई केलेली आणि तरीही बिनपावतीची, बिनबोभाट चालणारी पागडी मोजल्याशिवाय चाळीचा उंबरठा ओलांडता येत नसे, आणि ती रक्कम एकट्यादुकट्या गिरणी कामगाराच्या आवाक्यातली नव्हती. ती आमच्या वाडवडिलांनी शिमग्याच्या सभेत घरटी वर्गणी ठरवून जमवली, मालकाला दिली आणि भाडेपावती गावातल्या एका वयस्क, सचोटीच्या गृहस्थाच्या नावे करून घेतली. कारण गावाच्या नावाने पावती फाडण्याचा प्रघात नव्हता.

खोलीचा कारभार तात्यांकडे असे. त्यांच्याजवळ लाल कापडी बांधणीची एक लांबट वही होती, आणि गिरणीचा पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती उघडली जाई. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च: खोलीभाडे, बत्ती, झाडूवाला, पिंपाची दुरुस्ती, आणि वर्षातून एखाद्या वेळी ‘मयत खर्च’. वर्गणी दरमाणशी 3 रुपये. खोलीत ट्रंका ठेवणारे आम्ही वीसाहून अधिक असल्यामुळे भाडे व किरकोळ खर्च वजा जाऊन शिल्लक उरे, आणि त्या शिलकेतून कोणाला गावी जायला भाडे, कोणाला के.ई.एम. रुग्णालयात जाताना औषधाला पैसे, अशी उचल मिळे. मी पहिल्यांदा माझे नाव त्या वहीत पाहिले तेव्हा त्यापुढे तात्यांच्या मोडी वळणाच्या अक्षरात लिहिले होते: ‘बेकार, सबब माफ’. असे शेरे अनेकांच्या नावापुढे होते आणि त्यांत कोणाचा उपमर्द नव्हता. काम लागले की शेरा जाई आणि तीन रुपये सुरू होत. मागील बाकीचा तगादा तात्यांनी कोणास लावला नाही.

या व्यवस्थेचे गुण सांगताना तिची मर्यादाही सांगणे प्राप्त आहे. गावकी म्हणजे सारे गाव नव्हे. ज्या महाडात 1927 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्याच मुलखाच्या गावकीने मुंबईतही आपली कुंपणे बरोबर नेली होती. आमच्याच शिवारातल्या बौद्धवाडीचे तरुण आमच्या खोलीत नसत, ते वरळी-नायगावच्या बी.डी.डी. चाळींत आपल्या माणसांच्या आश्रयाने, आपल्या मंडळाच्या बळावर राहत. गिरणीच्या एकाच खात्यात आम्ही शेजारी शेजारी उभे असू आणि संध्याकाळी दोन वाटांनी जात असू. त्या काळी यात आम्हांस काही वावगे वाटत नसे, हे लिहून ठेवले पाहिजे.

बारा फुटांच्या खोलीत वीस माणसे कशी राहत, असे आता मला विचारले जाते. वीसजण एका वेळी राहत नसत, हेच त्याचे उत्तर. पहिल्या पाळीचे निघाले की रातपाळीचे येत आणि त्याच जागी पडत. दुसऱ्या पाळीच्यांना मध्यरात्रीनंतर जागा लागे. भिंतीलगत ट्रंकांच्या चवडी, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगाने नाव, गाव आणि ‘ता. पोलादपूर’, वर खुंट्यांवर सदरे. खिडकीजवळची जागा वडीलधाऱ्यांची, दाराजवळची नोकरीत कायम झालेल्यांची, आणि आमच्यासारख्या बदलीवाल्यांची गॅलरीत किंवा चाळीखालच्या फुटपाथवर. जुलैत रात्री एकाएकी सर आली की खाली निजलेले आम्ही वळकट्या डोक्यावर घेऊन जिने चढत असू, आणि मग आडवे होण्यास जागाच नसल्यामुळे सगळी खोली उठून बसे. कोणी टाळ काढी, कोणी अभंग धरी, आणि वारकऱ्यांचा मुलूख असल्यामुळे आवाजांची वाण नसे. शेजाऱ्यांना तो भक्तिभाव वाटे. आम्हांला ठाऊक होते की पहिल्या पाळीचा भोंगा वाजून चार माणसे बाहेर पडेपर्यंत काढावयाचा तो वेळ आहे.

बदली कामगाराचे अर्थशास्त्र निराळे असते. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी उभे राहावे, खाडा पडला असेल तर आत घेतले जावे, नसेल तर परत फिरावे. महिन्यातले निम्मे दिवस भरले तरी नशीब. अशा माणसाला निवाऱ्याचे तीन रुपये जड नव्हते. जड होती ती खानावळ. आमच्या मावशींच्या खानावळीचे दोन वेळचे महिना 35 रुपये होत, म्हणजे राहण्याच्या बारापट जेवण्याला लागत. मावशी घाटावरच्या, नवऱ्याची नोकरी सुटल्यावर त्यांनी आपल्याच खोलीत पंचवीसएक माणसांचा स्वयंपाक आरंभला होता. आम्ही पैसे देत असू महिना संपल्यावर, आणि वाण्याकडून त्या धान्य आणीत उधारीवर, व्याजाने. म्हणजे आमच्या पोटाचे कर्ज त्यांच्या नावावर चढत असे. अशाच खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज त्यांना मिळवून दिले, तेव्हा कोठे सावकारी व्याजाचा हा फास सैल झाला. तोवर मुंबईचे कापड जगाच्या बाजारात स्वस्त पडत होते, त्यात या बायकांच्या न मोजलेल्या मेहनतीचाही वाटा होता.

मी कायम झालो, लग्न झाले, आणि इतरांप्रमाणेच पत्नीला गावी ठेवून परत आलो. बिऱ्हाड करावयाचे तर स्वतंत्र खोली हवी, खोलीस पागडी हवी, आणि पगार दीडशेच्या घरात. तेव्हा दरमहा सत्तर रुपयांची मनिऑर्डर करावी आणि शिमगा, मे महिना व गौरीगणपती यांवर संसार भागवावा, हाच शिरस्ता होता. मनिऑर्डर करून पावती ट्रंकेत ठेवताना मला कर्तव्य केल्याचे समाधान वाटत असे. एका गणपतीला परतीच्या आदल्या रात्री पत्नी माझ्यासाठी तांदूळ, कुळीथ आणि आमसुले पिशवीत भरीत असता मी सहज पैशाचा हिशेब विचारला, तेव्हा तिने मान वर न करता सांगितले, “तुम्ही धाडता ते औताला, मिठारॉकेलाला नि सोसायटीच्या हप्त्याला जातं. भात आम्ही पिकवतो. तुम्ही आलात की तुम्हाला घालतो, निघालात की बांधून देतो. पोरांचं दुखणंखुपणं, तुमच्या आईचं करणं इथंच. मग सांगा, कोण कुणाला पोसतंय?” ती रागावली नव्हती. मी हिशेब विचारला म्हणून तिने हिशेब दिला होता.

त्या उत्तरावर मी परतीच्या प्रवासात पुष्कळ विचार केला. गिरणीचा मालक मला जो पगार देत होता तो एका माणसाच्या पोटापुरता होता. मुले वाढवणे, म्हातारी माणसे सांभाळणे, आजारी पडल्यास उठून उभे राहीपर्यंत खाणे, आणि काम सुटल्यावर मरेपर्यंत जगणे, हा सारा खर्च पोलादपूरच्या उतारावरची वरी-नाचणी आणि ती पिकवणाऱ्या बायका उचलीत होत्या. तात्यांच्या वहीत अठरा रुपयांची नोंद चोख होती. उरलेले भाडे ज्या शिवारात भरले जात होते त्याला वहीत रकानाच नव्हता.

याचे प्रत्यंतर 1982 साली आले. 18 जानेवारीपासून दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि दोन-तीन महिन्यांत गावकीच्या खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. ज्यांचे बिऱ्हाड मुंबईत होते त्यांनी भांडी विकली, बायकांनी धुणीभांडी धरली, मुलांची शाळा सुटली. आम्ही मात्र गावी जाऊन पावसाळ्यात नांगर धरला. संप इतका दीर्घ चालला याचे श्रेय पुढाऱ्यांना आणि कामगारांच्या चिवटपणाला दिले जाते, ते योग्यच आहे. पण आमच्या घरात तो संप नाचणीच्या भाकरीवर चालला होता, आणि भाकरी भाजणारीने संपाचा ठराव केला नव्हता. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. माझी गिरणी पुन्हा माझी झाली नाही. पुढची वर्षे मी एका गोदामात पहारेकरी म्हणून काढली.

खोलीची अखेर निराळ्या कारणाने झाली. 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली. पुढे चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली, आणि जी जागा म्हणजे केवळ निजण्याची सोय होती ती एकदम मिळकत ठरली. ज्यांच्या नावे पावती होती ते गृहस्थ केव्हाच निवर्तले होते. त्यांच्या वारसाने हक्क सांगितला. देवळात सभा भरली, तात्यांची वही बासनातून काढण्यात आली, पागडीच्या वर्गणीची यादी वाचून दाखवण्यात आली. परंतु कायद्याला दस्तऐवज लागतो, आणि दस्तऐवज म्हणजे भाडेपावती. वीस घरांची वर्गणी हा काही दस्तऐवज नव्हे. अखेर वारसाने देवळाच्या सभामंडपासाठी काही रक्कम द्यावी आणि गावाने हरकत घेऊ नये असा निवाडा झाला. मला तो अन्यायाचा वाटला, पण त्याचे नवल वाटले नाही. पावतीवर एकच नाव मावते.

आता माझा नातू कामोठ्यास भाड्याने राहतो. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, दलालाची दलाली, दर करारास वाढीव भाडे. पगाराचा तिसरा हिस्सा घरमालकास जातो आणि उरलेल्यात मुलीची शाळा. तो मला विचारतो, “आजोबा, तीन रुपयांत तुमचं भागायचं कसं?” त्याच्या स्वरात त्या स्वस्ताईचा हेवा असतो. मी त्याला सांगतो की आमची मुंबई स्वस्त नव्हती, अपुरी होती. तिच्यात तुझी आजी नव्हती, तुझा बाप नव्हता. तू बायकोमुलीसह एका छपराखाली राहतोस, म्हणून सगळे बिल तुझ्या एकट्याच्या हाती येते. ते बिल जबर आहे यात शंका नाही, परंतु निदान ते पुरते आहे.

आणि हे चक्र आता आमच्या दारात येऊन थांबले आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत उत्तर प्रदेश, बिहारची मुले कंत्राटावर कामास येतात, आणि बिरवाडीला माझ्या पुतण्याने त्यांच्यासाठी चार खोल्या बांधल्या आहेत. एका खोलीत सहा-सात जण, पाळीपाळीने निजणारे. भिंतीलगत ट्रंकांऐवजी बॅगा. पुतण्या कौतुकाने म्हणतो, “काका, एवढ्या पगारात ही माणसं राहतात, खातात आणि वर घरी पैसेही पाठवतात.” मी त्याला म्हटले, पुढच्या वेळी भाडे वाढवण्यापूर्वी त्यांच्या गावी शेत कोण करते, मुले कोण सांभाळते, हे त्यांना विचार. ज्या कारखान्याला माणसाचे हात हवेत त्याने त्या हातांमागचा संसारही मजुरीत धरला पाहिजे. तो धरला जात नाही तोवर जगातल्या प्रत्येक स्वस्त खोलीचे उरलेले भाडे कोठेतरी दूरच्या गावात एखादी बाई भरीत असते, आणि तिला त्याची पावती मिळत नाही.